विसरणारा वाटाड्या: गेममधल्या एका सोबत्याच्या स्मृतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या गेम स्टुडिओतलं आहे. स्टुडिओ, गेम आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि कथेतले काही तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी या कामात बाहेरून आलो, कथेच्या बांधणीवर सल्ला द्यायला, आणि तेही गेम निम्म्याहून जास्त तयार झाल्यावर.

गेम साहसी धाटणीचा. खेळाडूने एक बंद पेटी डोंगर ओलांडून पलीकडे पोचवायची. सोबतीला एक वयस्कर वाटाड्या. डोंगरात मधूनमधून धुकं उतरतं आणि त्यातून बाहेर पडलं की वाटाड्याच्या डोक्यातून अलीकडचं सगळं पुसलं जातं. वाट त्याला आठवते. आपण कुणाला तरी पलीकडे पोचवायचा शब्द दिलाय हेही आठवतं. तो कुणाला दिला, हे आठवत नाही. मग समोर जो उभा असेल तोच असणार असं धरून तो चालायला लागतो. खेळाडूवर धुक्याचा परिणाम होत नाही.

कल्पना कथालेखिकेची होती आणि चांगली होती. विसरणारा नायक गेममध्ये जुनाच आहे. १९९९च्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’पासून २०१९च्या ‘डिस्को एलिझियम’पर्यंत कितीतरी गेमची सुरुवात स्वतःचं नावही न आठवणाऱ्या नायकापासून होते. त्यातली सोय उघड आहे. खेळाडूलाही त्या जगातलं काही ठाऊक नसतं, त्यामुळे दोघांचीही पाटी कोरी. सोबती विसरायला लागला की मात्र गणित उलटतं. खेळाडूला सगळं लख्ख आठवत असतं आणि ज्याच्यासोबत ते घडलं त्यालाच पत्ता नसतो. कथालेखिकेला नेमकी हीच टोचणी हवी होती.

विसराळूपणाचं दुसरंही एक कारण होतं, ते बैठकीत कुणी मोठ्याने बोलत नसे. विसरणारा सोबती स्वस्त पडतो. खेळाडूने दहा ठिकाणी हो किंवा नाही असा निर्णय घ्यायचा असेल आणि सोबत्याने ते सगळे लक्षात ठेवायचे असतील, तर कागदावर १०२४ वेगवेगळ्या परिस्थिती होतात. त्या सगळ्यांसाठी कुणी संवाद लिहीत नाही हे खरं, पण त्यातला थोडा भाग लिहून, आवाजात रेकॉर्ड करून, तपासून घ्यायचा म्हटलं तरी छोट्या स्टुडिओचं कंबरडं मोडतं. धुकं आलं की सगळं शून्यावर. पुढच्या प्रकरणात सगळ्या खेळाडूंसाठी वाटाड्या एकच. प्रोड्यूसर बाईंना हे पक्कं माहीत होतं आणि त्यांनी ते लपवलंही नव्हतं. काटकसर असण्यात काही गैर नाही. पुढे सगळा गुंता झाला तो ती खेळाडूला दिसायला लागल्यामुळे.

अडचण

सहापैकी चार प्रकरणं खेळण्याजोगी झाल्यावर बाहेरच्या टेस्टरना बोलावण्यात आलं. त्यांच्या खेळाच्या रेकॉर्डिंग बघताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की लोक वाटाड्याशी बोलायचंच सोडून देत होते.

मुक्कामाच्या जागी वाटाड्याजवळ बसून बोलणं ऐच्छिक होतं. पहिल्या धुक्यानंतर जवळजवळ प्रत्येक जण त्याच्याजवळ गेला, पुन्हा नाव सांगितलं, पेटीबद्दल सांगितलं. दुसऱ्या धुक्यानंतर अर्ध्या लोकांनी बटण दाबून संवाद पुढे ढकलले. तिसऱ्यानंतर बहुतेक जण शेकोटीकडे न बघता थेट झोपायला गेले. सगळा प्रकार म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्यांनी ओळखलं होतं. कथेची सगळी मदार ज्या नात्यावर होती ते नातं चौथ्या प्रकरणापर्यंत उरतच नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी होती. वाटाड्याची निष्ठा लोकांना निष्ठा वाटत नव्हती. त्याला खोल पाण्यात आधी पाठवा, रात्रभर पहाऱ्यावर बसवा, खोटं नाव सांगा. धुकं येणार, तो विसरणार आणि तितक्याच प्रेमाने पुन्हा पुढे चालणार. एका टेस्टरने त्याचं वर्णन ‘चालणारा कंदील’ असं केलं. कथालेखिकेला ते लागलं, पण शब्द चपखल होता.

तिसरी गोष्ट कुणाच्याच नजरेत आली नाही, कारण तिची तक्रारच आली नव्हती.

तपासात काय निघालं

प्रोग्रामर एका वेगळ्याच कामासाठी, कॅमेरा भिंतीत घुसतो म्हणून, एक रेकॉर्डिंग बघत होता. त्यात तिसऱ्या प्रकरणात, आसपास धुक्याचा मागमूस नसताना, वाटाड्या खेळाडूला म्हणाला, ‘हा चाकू कुठून आणलास? माझाही अगदी असाच आहे.’ आणि त्याचा हात कमरेकडे गेला. म्यान रिकामं होतं.

तो चाकू वाटाड्यानेच त्याआधी काही मिनिटं दिला होता. ‘असू दे तुझ्याकडे, परत देऊ नकोस,’ असं म्हणून. ‘कुठून आणलास’ हा संवाद चाकू चोरणाऱ्या खेळाडूसाठी लिहिलेला होता. चोरी न करता तो वाजायला नको होता.

कारण सापडायला वेळ लागला नाही. गेम दोन प्रकारच्या गोष्टी दोन वेगळ्या वेळी सेव्ह करत होता. खेळाडूजवळच्या वस्तू हातात पडताच लिहिल्या जात. कुठलं संभाषण झालं, कोण काय म्हणालं याच्या नोंदी मात्र पूर्ण प्रसंग संपल्यावर. मधल्या वेळात खेळाडू कड्यावरून पडून मेला की चेकपॉइंटवरून, म्हणजे गेमने राखून ठेवलेल्या मागच्या टप्प्यापासून, पुन्हा सुरुवात होई. हातात चाकू, पण तो दिल्याची नोंद नाही. थोडक्यात, वाटाड्या विसरला नव्हता, सेव्ह फाइल विसरली होती.

मग जुन्या रेकॉर्डिंग चाळल्या गेल्या. हा बग अनेकांना लागला होता आणि एकानेही कळवला नव्हता. का कळवतील? विसरणं हाच तर वाटाड्याचा स्वभाव. उलट कथेत मुद्दाम ठेवलेल्या विस्मरणाबद्दल मात्र ‘पुलानंतर माझं नाव आठवत नाही, सेव्हमध्ये गडबड आहे का?’ अशा तक्रारी यादीत पडून होत्या आणि त्या प्रत्येक तक्रारीवर कुणीतरी ‘असंच अपेक्षित आहे’ लिहून ती बंद केली होती. त्या बंद केलेल्या तक्रारींमध्येही काही खऱ्या बगच्या निघाल्या.

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथे आहे. पात्र विसरलं तर खेळाडू ते सहन करतो, त्यात रमतोही. गेम विसरला तर त्याचा विश्वास उडतो. आणि इथे या दोन्हींचा चेहरा एकच होता. बोलणं सोडणं, वाटाड्याला वाटेल तसं वापरणं, बग न कळवणं, या तिन्ही गोष्टी त्यातूनच आल्या होत्या. आपण काय केलं याची इथे कुठेही नोंद होत नाही, असं खेळाडूंनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तोललेले पर्याय

सेव्हचा बग दुरुस्त करायचा यावर वाद नव्हता. वाद होता तो वाटाड्याचं काय करायचं यावर.

पहिला पर्याय प्रोड्यूसर बाईंनीच मांडला: विस्मरण काढूनच टाका. धुक्यात तो वाट चुकतो एवढंच ठेवा. हा पर्याय कुणाला आवडला नाही, पण त्यावर हिशेब मात्र नीट झाला. चार प्रकरणांचे संवाद नव्याने लिहायचे, आवाज पुन्हा रेकॉर्ड करायचे, आणि शिवाय हाती राहणार एक साधा म्हातारा मार्गदर्शक, जसे शंभर गेममध्ये असतात.

दुसरा पर्याय होता स्मृती परत आणण्याचा. इथे सगळ्यांच्या डोळ्यासमोर २००३च्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मधला एचके-४७ होता. तो मारेकरी यंत्रमानव दुकानातून विकत मिळतो, त्याच्या स्मृतीचे कप्पे बंद असतात, आणि खेळाडूकडे दुरुस्तीचं कौशल्य वाढेल तसतसं एकेक कप्पा उघडून जुन्या मालकांचे किस्से बाहेर पडतात. शेवटी कळतं की त्याचा मूळ मालक आपल्या ओळखीचाच आहे. रचना म्हणून हे अफलातून आहे: आठवण हेच बक्षीस, आणि निष्ठेचं कारण अखेर सापडतं. पण ते यंत्राला शोभतं. आमचा वाटाड्या माणूस होता. कथालेखिकेच्या घरी स्मृतिभ्रंश झालेलं माणूस होतं, तिने एवढंच सांगितलं की खेळाडूच्या हुशारीने बरा होणारा म्हातारा मी लिहिणार नाही. त्यावर कुणी आग्रह धरला नाही. मला दुसरंही एक कारण वाटत होतं. शेवटी स्मृती परत येणार असेल तर मधली सगळी विस्मरणं म्हणजे नुसती वाट बघणं. खेळाडू शेकोटीजवळ बसणार नाही, किल्ली शोधत फिरेल.

तिसरा पर्याय वहीचा. वाटाड्याने रोज लिहून ठेवायचं आणि धुक्यानंतर वाचायचं. याचा एक कच्चा नमुना बनवलाही. तो फसला. वाटाड्या वही उघडून वाचायला लागला की तो माणूस राहत नव्हता, मागील भागाचा सारांश सांगणारा निवेदक होत होता, आणि सारांश कुणी ऐकत नाही. नमुन्यातली एक शक्यता मात्र मोहक होती, खेळाडूला त्या वहीत खोटं लिहिता येणं. तिचा गेम वेगळाच झाला असता. ती बाजूला ठेवली.

चौथा पर्याय स्मृतीवरच्या संशोधनातून आला. एच. एम. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाची गोष्ट मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. १९५३ मध्ये अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा काही भाग काढला गेला आणि त्यानंतर नवे प्रसंग त्याच्या लक्षात राहीनात. तरीही आरशात बघून तारा गिरवण्याच्या चाचणीत तो दिवसागणिक सुधारत गेला, आणि प्रत्येक वेळी हे आपण पहिल्यांदाच करतोय असंच त्याला वाटत होतं. हाताला आठवत होतं, त्याला नाही.

त्याहून जुनी गोष्ट स्विस मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद याची आहे, १९११ सालची. त्याच्या एका रुग्ण बाईंना काही लक्षात राहत नसे. त्याने एकदा बोटांत टाचणी लपवून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. पुढच्या भेटीत त्यांनी त्याला ओळखलं नाही, टाचणीही आठवली नाही, पण हात पुढे करायला मात्र त्या तयार होईनात. आणि २०१० मध्ये आयोवा विद्यापीठात पाच स्मृतिबाधित रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या, तेव्हा चित्रफितीत काय होतं ते विसरून गेल्यावरही मनातली उदासी किंवा आनंद मागे रेंगाळत राहिल्याचं दिसलं.

म्हणजे घटना जाते, सवय आणि भावना मागे राहू शकतात. ज्याला आपण कोण ते आठवत नाही, त्याच्या अंगात आपण कसे वागलो ते उरतं. बैठकीत हे सांगून झाल्यावर प्रोग्रामर कथालेखिकेला म्हणाला, ‘अगं, मग आपल्याला दोनच तक्ते हवेत. एक धुकं पुसेल, दुसऱ्याला हात नाही लावायचा.’ निर्णय तिथेच झाला म्हणायला हरकत नाही.

केलेली कृती

पहिल्या तक्त्यात घटना: नाव सांगितलं का, चाकू दिला का, कुठलं गुपित कळलं. धुकं आलं की हा तक्ता कोरा. दुसऱ्या तक्त्यात मोजक्या गोष्टी: वाटाड्याचा भरवसा, त्याची सावधगिरी, आणि सोबत चालण्याची सवय. या कधी पुसल्या जात नाहीत, फक्त कमीजास्त होतात.

दुसरा तक्ता खेळाडूला आकड्यांत दाखवायचा नाही, हे आधीच ठरलं. तो शरीरातून दिसायला हवा होता. २००१च्या ‘इको’ने हे कधीच करून दाखवलंय: तिथे मुलगा आणि मुलगी एकमेकांची भाषा जाणत नाहीत आणि सगळं नातं एक बटण धरून हात पकडण्यात आहे. आमच्याकडे नवं अ‍ॅनिमेशन करायला पैसे नव्हते, म्हणून होतं तेच वापरलं. सुरुवातीला वाटाड्या बराच पुढे चालतो. सवय वाढली की अंतर कमी होत जातं आणि एक वेळ अशी येते की धुक्यातून बाहेर पडल्यावर तो ‘तू कोण?’ असं विचारतो आणि विचारता विचारता तुमच्या डाव्या बाजूला येऊन चालायला लागतो. तोंड अनोळखी, पावलं ओळखीची. एवढ्यासाठी लागला फक्त एक आकडा आणि चालण्याच्या जागेचं एक गणित.

सगळ्यात जास्त वेळ पुलावर गेला. दुसऱ्या प्रकरणात एक कुजका पूल आहे. तिथे खेळाडू स्वतः पुढे जाऊ शकतो किंवा वाटाड्याला पुढे पाठवून फळ्या तपासू शकतो. पाठवलं तर एक फळी मोडते, तो लोंबकळतो, वर येतो, काही बोलत नाही. पुढे धुकं. चौथ्या प्रकरणात दुसरा पूल, हा चांगला मजबूत. ज्यांनी पहिल्या पुलावर त्याला पुढे केलं होतं त्यांच्याबरोबर वाटाड्या या पुलाच्या तोंडाशी येऊन थांबतो. दोरखंडाला हात लावतो, काढून घेतो. ‘पूल चांगला आहे,’ तो म्हणतो. मग जरा वेळाने, ‘पण तू आधी जा.’ का ते त्याला सांगता येत नाही आणि गेमही सांगत नाही. क्लापारेदची टाचणी ती हीच. या प्रसंगासाठी दोनच नवे संवाद रेकॉर्ड करावे लागले.

वहीऐवजी दोरी आली. वाटाड्याच्या खांद्यावर दोरी आधीपासून होतीच. आता प्रत्येक मुक्कामी तो तिला एक गाठ मारतो. धुक्यानंतर तो ती बोटांतून ओढत मोजतो: ‘पाच. म्हणजे पाच रात्री आपण सोबत काढल्या. चला.’ त्या रात्रींत काय घडलं हे त्याला माहीत नसतं, संख्या कळते. या दोरीने दोन कामं केली. वाटाड्याला धुक्यानंतर लगेच चालायला लागायचं कारण मिळालं, त्यामुळे पुन्हा ओळख करून देण्याचे संवाद दर वेळी छोटे करता आले. आणि गेमने मोजदाद ठेवली आहे हे खेळाडूला डोळ्यांनी दिसायला लागलं.

प्रोग्रामरच्या बाजूने तीन गोष्टी झाल्या. वस्तू, संभाषणं आणि दुसरा तक्ता हे सगळं एकाच वेळी, एकत्रच सेव्ह व्हायला लागलं. लिहिलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. मग नियम आला: धुक्याशिवाय विसरणं नाही. पडद्यावर धुकं, त्याचा ठरावीक आवाज आणि त्यानंतर वाटाड्याने दोरीला हात घालणं, हे तिन्ही घडल्याशिवाय पहिला तक्ता पुसायचा नाही. आणि तयार होत असलेल्या गेममध्ये, झालेलं संभाषण धुक्याविना पुन्हा सुरू झालं की पडद्यावर लाल अक्षरात ओळ उमटायची सोय. ही सोय फार उपयोगी पडली. पहिल्याच आठवड्यात आणखी जुने बग तिने चव्हाट्यावर आणले.

चाकूचा वाद

मधल्या काळात चाकूच्या त्या प्रसंगावर चांगलीच जुंपली. बग म्हणून घडलेला तो प्रसंग ज्या टेस्टरच्या वाट्याला आला होता, त्यांच्यातल्या काहींना तो गेममधला सर्वांत हृद्य क्षण वाटला होता. स्वतःच दिलेली भेट न ओळखणारा माणूस आणि रिकामं म्यान. कथालेखिकेचं म्हणणं, राहू दे. प्रोग्रामरचं म्हणणं, बगला बक्षीस द्यायचं नाही. आज हा हृद्य आहे, उद्या ह्याच भोकातून दुसरं काहीतरी हास्यास्पद बाहेर येईल.

माझं मत प्रोग्रामरच्या बाजूने पडलं, आणि आजही आहे. बग आधी पूर्ण बुजवला गेला. नंतर तोच प्रसंग तिसऱ्या धुक्यापाशी हेतुपूर्वक लिहिला, आणि चाकू भेट मिळालेल्या खेळाडूंसाठीच ठेवला. आता तिथे एक पर्यायही आला: चाकू त्याचाच आहे हे खेळाडू सांगू शकतो, परत करू शकतो, किंवा गप्प राहू शकतो. परत केला तर तो घेत नाही. ‘मी दिला असेन तर विचार करूनच दिला असेल,’ म्हणतो. हे वाक्य बगमधून कधीच निघालं नसतं.

तो सोडून जाऊ शकतो का?

सगळ्यात लांबलेला आणि अर्धवट सुटलेला निर्णय हा. भरवसा पार तळाला गेला तर वाटाड्याने काय करायचं? कथालेखिकेला तो शेवटपर्यंत सोबत हवा होता. तोच तर विषय. माझा आक्षेप असा की ज्याला जाताच येत नाही त्याच्या राहण्याला निष्ठा कशी म्हणायची? प्रोड्यूसर बाईंची काळजी व्यवहाराची होती. सोबती निघून गेला तर शेवटची दोन प्रकरणं त्याच्याशिवाय चालायला हवीत, म्हणजे दुप्पट काम.

तडजोड झाली. शेवटच्या खिंडीआधी वाटाड्या थांबतो आणि विचारतो, ‘इथून पुढची वाट सरळ आहे. मी परत फिरू?’ खेळाडू त्याला मोकळं करू शकतो. मोकळं केलं तर भरवसा असलेला वाटाड्या थोडं अंतर ठेवून मागून येतच राहतो. भरवसा नसलेला दोरी खाली ठेवून खरोखर परत फिरतो. मोकळं केलं नाही तर भरवसा असो वा नसो, वाटाड्या येतोच. शब्द तो पाळतोच, फक्त भरवसा असलेला शेजारून चालतो आणि नसलेला मागून. शेवटचा भाग एकट्याने पार करण्याजोगा होताच, त्यामुळे वाढीव काम आवाक्यात राहिलं. कथालेखिकेला परत फिरणारा वाटाड्या आजही पटलेला नाही. तिच्या मते क्रूर खेळाडूलाही तो सोडणार नाही, आणि त्यातच खेळाडूची शिक्षा आहे. तिचं म्हणणं चुकीचं आहे असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

भाषांतराच्या वेळी एक अनपेक्षित प्रश्न आला. मूळ संहितेच्या भाषेत तू आणि तुम्ही असा फरक नव्हता. ज्या भाषांमध्ये तो आहे तिथल्या भाषांतरकारांनी विचारलं, धुक्यानंतर वाटाड्या खेळाडूला काय म्हणतो? ओळख पुसली म्हणजे पुन्हा ‘तुम्ही’ हवं. पण मग शेजारी येऊन चालणाऱ्या पावलांचं काय? ठरलं ते असं: पहिलं वाक्य ‘तुम्ही’ने, आणि सवयीचा आकडा मोठा असेल तर तिसऱ्या-चौथ्या वाक्यात नकळत ‘तू’. हा बदल भाषांतरित आवृत्त्यांमध्येच आहे. मूळ भाषेत खेळणाऱ्यांना तो मिळत नाही.

परिणाम

पुढच्या चाचणीत लोक शेकोटीजवळ बसायला लागले. सगळे नाहीत, संवाद पुढे ढकलणारे ढकलतातच. पण तिसऱ्या धुक्यानंतर बोलणाऱ्यांची संख्या घसरण्याऐवजी टिकून राहिली, आणि ‘सेव्ह बिघडला का’ छापाच्या तक्रारी जवळपास थांबल्या. ज्या आल्या त्या खऱ्या बगच्या होत्या, म्हणजे टेस्टरना आता फरक कळत होता.

पुलाच्या प्रसंगाने सगळ्यात जास्त काम केलं. वाटाड्या थांबला की बरेच जण गोंधळायचे, मग एकदम गप्प व्हायचे. एकीने तिथेच गेम थांबवून पहिल्यापासून सुरू केला, आणि या वेळी पहिला पूल तिने स्वतः आधी ओलांडला.

सगळंच साधलं नाही. दोरीच्या गाठी बऱ्याच जणांच्या लक्षातच आल्या नाहीत. कॅमेरा पाठीमागून असल्याने गाठ मारणारे हात खेळाडूच्या अंगाआड जात होते. गेम बाहेर आल्यावर शेवटी वाटाड्याला काहीच आठवत नाही म्हणून नाराज झालेले लोकही भेटले. काहींनी स्मृती परत आणणारा छुपा शेवट असणारच असं धरून तो कितीतरी दिवस शोधला. आणि काहींनी दुसऱ्या तक्त्याचा सुगावा लागल्यावर वाटाड्याला मुद्दाम छळून तो कधी परत फिरतो याचे प्रयोग केले. ते होणारच होतं.

पुन्हा करायचं झाल्यास

काटकसर आणि कथा या दोन गोष्टी पहिल्याच बैठकीत शेजारी शेजारी मांडल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘विस्मरणामुळे संवाद कमी लागतात’ हे उघड बोललं गेलं असतं, तर ‘मग वाचलेल्या पैशातून खेळाडूला काय द्यायचं?’ हा प्रश्नही तेव्हाच आला असता. पूल आणि दोरी मिळून जितका खर्च झाला तो वाचलेल्या रकमेच्या मानाने किरकोळ होता.

स्मृतीबद्दल वाचन आवाज रेकॉर्ड होण्याआधी व्हायला हवं होतं. पहिल्या तीन प्रकरणांत वाटाड्याचा आवाज धुक्यानंतर दर वेळी सारखाच परका आहे, कारण नटाला तसंच सांगितलं होतं. भरवसा वाढलेल्या वाटाड्याच्या ‘तू कोण?’मध्ये थोडी ऊब हवी होती. ती नंतर घालता आली नाही. चालण्यातून आणि अंतरातून जेवढं भरून काढता आलं तेवढं काढलं.

तक्रारीच्या अर्जात ‘पात्र विसरलं’ आणि ‘गेम विसरला’ असे दोन वेगळे रकाने सुरुवातीपासून हवे होते. टेस्टरने चुकीचा रकाना निवडला तरी चालतं. त्या चुकीवरूनच कळतं की कुठल्या जागी आपलं विस्मरण बिघाडासारखं दिसतंय. आणि ‘असंच अपेक्षित आहे’ असं लिहून तक्रार बंद करण्याआधी ती रेकॉर्डिंगवर एकदा तपासायची, हा नियम स्टुडिओने आता सगळ्याच गेमसाठी केला आहे.

दोरीपुरतं सांगायचं तर गाठ मारताना कॅमेरा अर्धा फेरा घेऊन समोर आणायला हवा होता. तो बदल नंतरच्या अपडेटमध्ये झाला.